तीन खाचा

डिसेंबर 2013 मध्ये पीथमपूरच्या एका कॉलनीच्या सभागृहात मी एका मुलाच्या मोटारीला वीसपैकी अकरा गुण दिले आणि कार्डावर शेरा लिहिला : पुढच्या दोन्ही टायरना एक-एक खाच कमी आहे. शेरा चुकीचा होता. टायर बरोबर होते. हे मला 2017 मध्ये कळलं आणि त्यानंतर आठ वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नाही.

इतकं लिहायला मला दोन महिने लागले. आता बाकीचंही लिहितो.

आमचं घराणं धारचं. पणजोबा पवारांच्या दरबारी कारकुनीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि मालवी, अशी आमची चौथी पिढी. मी स्वतः एकतीस वर्षं पीथमपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात होतो. गिअरबॉक्सचे भाग बनत आणि माझ्या टेबलावर येत. व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज, गो-नोगो गेज, हे माझं जग. तिथे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं की न मोजता कुठल्याही जॉबला लाल टॅग लावायचा नाही. जॉब डोळ्याला कितीही वाकडा दिसो, आधी माप घ्यायचं, ते ड्रॉइंगवरच्या आकड्याशी ताडायचं, टॉलरन्स बघायचा आणि मग टॅगवर सही करायची. लाल टॅग म्हणजे खराद चालवणाऱ्या कुणाच्या तरी आठ तासांच्या कामावर मारलेली फुली. ती अंदाजाने मारता येत नाही. एकतीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आलो आहे आणि कारखान्यापुरतं ते खरंही आहे.

रेसिंग मोटारींची छोटी मॉडेलं जोडण्याचा नाद मला त्याच कारखान्यात लागला. आमच्याकडे आलेल्या एका जपानी तंत्रज्ञाने जाताना एक किट दिलं होतं. प्लॅस्टिकच्या चौकटीला, म्हणजे स्प्रूला, लटकलेले शंभर-सव्वाशे बारीक भाग, रबरी टायर, पाण्यात भिजवून चिकटवायची डेकल्स आणि घडी घातलेलं आकृत्यांचं पत्रक. निपरने भाग सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, रंगवायचे, जोडायचे. फॉर्म्युला वनच्या मोटारींना बहुधा 1:20 हे प्रमाण असतं. खऱ्या मोटारीचे वीस मिलिमीटर म्हणजे मॉडेलचा एक. ज्याने आयुष्यभर मिलिमीटरचे शंभरावे भाग मोजले, त्याला हे वेड लागलं नसतं तरच नवल होतं.

अशा किटची पारख दोन अंगांनी होते, आणि ती दोन अंगं लोक फार सहज एकमेकांत मिसळतात. मीही मिसळली. एक अंग घडणीचं. भाग एकमेकांत नीट बसतात का, साच्याच्या सांध्यातून प्लॅस्टिकची पातळ झालर बाहेर आली आहे का, पृष्ठभागावर खळगे आहेत का, डेकलचे रंग एकमेकांवर चपखल छापले आहेत का. याची कारणं मला साच्यांच्या कामामुळे ठाऊक होती. साचा झिजला किंवा तो मिटवून धरणारा दाब कमी पडला की झालर येते. भिंत जाड असेल तिथे प्लॅस्टिक उशिरा थंड होतं, आत आकसतं आणि वर खळगा पडतो. पॉलिस्टायरीन थंड होताना साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा कापावा लागतो. चौदा सेंटिमीटरच्या भागाला हा हिशेब चुकला तर पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे होतो. हे सगळं डोळ्याने आणि बोटाने कळतं.

दुसरं अंग अचूकपणाचं : हे मॉडेल त्या मोटारीसारखं आहे का? इथे डोळा फसतो. इथे पुरावा लागतो. सुदैवाने फॉर्म्युला वनच्या मोटारी नियमांच्या चौकटीत बांधल्या जातात आणि त्या नियमांतले आकडे उपलब्ध असतात. 1988 साली मोटारीची रुंदी जास्तीत जास्त 2150 मिलिमीटर असू शकत होती, म्हणजे 1:20 मध्ये 107.5. 1993 पासून ती 2000 झाली आणि 1998 पासून 1800, म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर 90. व्हर्निअर लावायला अर्धा मिनिट लागतो. एवढं केलं तरी निम्म्या वादांचा निकाल लागतो. पण प्रदर्शनाच्या टेबलावर व्हर्निअर काढून मोजणारा माणूस किचकट दिसतो आणि एक नजर टाकून निकाल देणारा माणूस जाणकार दिसतो. मला जाणकार दिसायचं होतं. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण मुळात दोष इथेच आहे.

किट बनवणाऱ्यांनी अचूकपणासाठी काय काय केलं आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाचं उदाहरण हौशी मंडळींत सगळ्यांना ठाऊक असतं. 1970 च्या दशकात पोर्श 934 चं 1:12 किट करताना शुन्साकू तामिया यांनी खरी पोर्श 911 विकत घेतली, ती खोलून भागाभागाचा अभ्यास केला आणि ती परत जोडता येईना तेव्हा पोर्शच्याच मेकॅनिकांची मदत घेतली. मी ही गोष्ट प्रत्येक प्रदर्शनात सांगत असे. सांगताना माझा आवाज असा असे, जणू ती मोटार मीच खोलली होती. माझ्याकडे होते ते मासिकांतले फोटो आणि स्मरण. कारखान्यात आम्ही मोजमापाची साधनंसुद्धा ठरलेल्या मुदतीला कॅलिब्रेशनला पाठवायचो, कारण मोजणाराच चुकत असेल तर मोजणं वाया. माझं स्मरण मी कधी कुठे तपासून घेतलं? एकदाही नाही.

ते प्रदर्शन छोटं होतं. कॉलनीतल्या हौशी मंडळींनी भरवलेलं, तीस-पस्तीस मॉडेलं, परीक्षक तिघे. पीथमपूरला तेव्हा गाड्यांचं वारं होतंच. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा एसएई ही स्पर्धा 2007 पासून तिथे होत होती आणि मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन येत. त्यामुळे आमच्याही प्रदर्शनाला गर्दी झाली. तिरल्याहून एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बसने आला होता, मांडीवर बुटांच्या खोक्यात मोटार घेऊन. तिरला धारच्या पश्चिमेला, पीथमपूर पूर्वेला. म्हणजे धार ओलांडून यायचं. त्याच्या वडिलांचं तिरल्यात रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. नोकरी सोडून गेलेल्या कुणा इंजिनिअरने अर्धवट सोडलेलं किट त्याला दिलं होतं. 1998 सालची मॅक्लारेन एमपी4/13. मिका हाक्किनेन जिच्यावर पहिल्यांदा जगज्जेता झाला, ती.

किट जुनं असल्याने डेकल्स पिवळी पडली होती. त्याने ती खिडकीच्या काचेला आतून चिकटपट्टीने लावून काही दिवस उन्हात ठेवली, माळव्याच्या उन्हाने पिवळेपणा उतरला आणि मग लावली. ही युक्ती जगभर वापरली जाते, पण त्याला ती कुणी सांगितली नव्हती. दुकानातलं पिवळं पडलेलं पोस्टर उन्हात पांढरं होतं हे त्याने पाहिलं होतं, एवढंच. हे मी त्याच्याकडून ऐकलं. ऐकून मान डोलावली. त्याचे गुण मात्र कुठल्याच रकान्यात दिले नाहीत, कारण कार्डावर तसा रकाना नव्हता.

मग माझी नजर टायरवर गेली. मागच्या टायरना चार खाचा, पुढच्यांना तीन. मी म्हणालो, "पुढेही चार पाहिजेत." तो वाकून बघत म्हणाला, "सर, डब्बे में तीन ही थीं." मी म्हणालो, "डब्यात चूक असू शकते." तो काही बोलला नाही. पंक्चरच्या दुकानात वाढलेला मुलगा. टायर किती गोटा झाला आहे, नक्षी किती उरली आहे, रिमोल्ड कुठला आणि मूळचा कुठला, हे ज्याला हात फिरवून कळतं, त्याला मी टायर शिकवला.

खरी गोष्ट अशी. वळणावरचा वेग कमी व्हावा म्हणून 1998 पासून फॉर्म्युला वनमध्ये गुळगुळीत टायर बंद झाले आणि खाचांचे टायर आले. पहिल्या वर्षी पुढच्या टायरना तीन आणि मागच्यांना चार. 1999 पासून पुढेही चार झाल्या. ही पद्धत 2008 पर्यंत चालली, 2009 मध्ये गुळगुळीत टायर परत आले. म्हणजे अकरा हंगामांपैकी दहांत पुढे चार खाचा होत्या. मी जे फोटो पाहिले होते ते बहुतेक त्या दहा हंगामांतले. तेवढ्या जोरावर मी अकराव्याचा निकाल दिला. खाचांचंही माप ठरलेलं होतं : वरच्या बाजूला 14 मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर खोल, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 50 मिलिमीटर. टायरच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या. म्हणून तीन खाचांच्या टायरला एक खाच बरोबर मधोमध येते आणि चारच्या टायरला मध्यभागी खाच नसते. त्या मुलाच्या टायरला मधोमध खाच होती. मी तेव्हा नुसतं नीट पाहिलं असतं तरी मला दिसलं असतं की एक खाच राहिलेली नाही, हा मुळातच वेगळा टायर आहे.

2017 मध्ये दुसऱ्याच एका मॉडेलसाठी जुने नियम वाचताना हे समोर आलं. त्या क्षणी मला तो मुलगा आठवला, बुटांचं खोकं आठवलं, वाक्यसुद्धा आठवलं. मी पुढचं पान उलटलं. त्यानंतर मनाशी काय काय बोललो ते आज शोधून काढतो आहे. चार वर्षं झाली, तो विसरला असेल. साधं प्रदर्शन होतं, त्यावर कुणाचं पोट नव्हतं. त्याचा पत्ता कुठे आहे? पत्ता नोंदवहीत होता. वही माझ्याच कपाटात होती. चौथी सबब सर्वांत वाईट होती : घडणीतही काही उणं होतंच, गुण तसेही कमीच पडले असते. कारखान्यात एखाद्या कनिष्ठाने मला असं सांगितलं असतं, की साहेब माप चुकीचं घेतलं पण जॉब दुसऱ्या कारणाने बादच होता, तर मी त्याला टेबलावरून उठवलं असतं.

ब्रिटनमध्ये 1963 साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटीच्या शाखा अनेक देशांत आहेत. त्यांच्या अमेरिकेतल्या शाखेच्या स्पर्धांत परीक्षक आधी मूलभूत काम बघतात. सांधे भरले आहेत का, चाकं चारही टेकतात का, गोंदाचे डाग आहेत का, डेकलखाली हवा राहिली आहे का. अचूकपणावर निकाल लावायला ते बिचकतात. मला पूर्वी हे मिळमिळीत वाटायचं. आता त्यातला न्याय कळतो. कुठल्याही परीक्षकाला प्रत्येक मोटारीची खडान्‌खडा माहिती नसते. ज्या मोटारीबद्दल त्याला थोडं माहीत असतं, तिच्यावर तो बारीक चाळणी लावतो आणि जिच्याबद्दल काही माहीत नसतं, ती सहज पुढे जाते. म्हणजे परीक्षकाला ओळखीची वाटणारी मोटार ज्याने निवडली, तोच मार खातो. मी त्या मुलावर कठोर झालो, कारण मला वाटलं की ही मोटार मला येते.

आणि जिथे मी सैल झालो, तेही सांगायला हवं. त्या दिवशी पहिला क्रमांक मी 1988 च्या मॅक्लारेन एमपी4/4 ला दिला. सोळापैकी पंधरा शर्यती जिंकलेली, सेन्ना आणि प्रॉस्टची मोटार. बनवणारा माझा सहकारी, घरी येणंजाणं असलेला. "लाल रंग बघा, अगदी तोच," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. तोच म्हणजे कुठला? त्या मोटारींचा लाल हा जवळून बघणाऱ्याला नारिंगीकडे झुकलेला, झळाळणारा रंग होता. टीव्हीच्या पडद्यावर तो सिगारेटच्या पाकिटासारखा लाल दिसावा म्हणून तसा दिलेला. माझ्या मित्राने छापील फोटोतला लाल दिला होता आणि मीही छापील फोटोच पाहिले होते. दोघांची चूक एकच असल्याने ती जुळली, आणि जुळली म्हणून मी तिला अचूक म्हटलं. तिरल्याच्या मुलाचं मॉडेल माझ्या स्मरणाशी जुळलं नाही म्हणून चूक ठरलं. दोन्हीकडे मी मोटार तपासलीच नाही, मॉडेल माझ्याशी जुळतं का एवढंच तपासलं.

मैत्रीचा भाग किती होता? मी प्रामाणिकपणे शोधतो आहे. जाणूनबुजून गुण वाढवले नाहीत, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण त्या मॉडेलसमोर मी दहा मिनिटं उभा राहिलो आणि मुलाच्या मॉडेलसमोर तीन. महागड्या किटसमोर, महागड्या एअरब्रशच्या रंगासमोर माणूस जास्त वेळ उभा राहतो. चांगल्या गोष्टी दिसायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी एकाला दिला, दुसऱ्याला दिला नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी तिरल्याला गेलो. वही काढली, गावाचं नाव होतं, दुकानाचा उल्लेख होता. आदल्या दिवशी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या बाजूने जाणं झालं होतं. तिथला वेगाचा ट्रॅक जून 2021 मध्ये प्रकाश जावडेकरांच्या हस्ते सुरू झाला, 11.3 किलोमीटरचा, सोळा मीटर रुंद, चार लेनचा. माझ्या सवयीने मी त्याला वीसने भागलं : 565 मीटर लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद. तिरल्यात बसमधून उतरून दुकानाकडे चालताना दोन्ही बाजूंना गव्हाची पेरणी झालेली काळी शेतं होती. एका शेताच्या बांधाने फेरी मारली तर साधारण तेवढीच होईल असं वाटलं. त्या मुलाची मोटार तिच्या मापाच्या जगात ज्या ट्रॅकवर धावली असती, तो इथे एका शेताभोवती मावला असता. मी हे सगळं मोजत होतो, कारण दुकान जवळ आलं होतं आणि मला आत जायचं धैर्य होत नव्हतं.

वडील होते. ओळख सांगितली. मुलगा गुजरातेत एका कारखान्यात कामाला आहे म्हणाले, या भागातली बरीच मुलं जातात तसा. मोटार दुकानातच होती, कॉम्प्रेसरच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्याखाली झाकलेली. डबा स्वच्छ पुसलेला होता. मी परवानगी घेऊन तो उचलला, खिशातून व्हर्निअर काढला आणि पुढच्या चाकांवरून रुंदी घेतली. 89.8. मग टायर बघितले.

पुढच्या दोन्ही टायरना चार खाचा होत्या.

तीन साच्यातल्या, सरळ, सारख्या अंतरावर. चौथी बाहेरच्या कडेला, हाताने कापलेली. ब्लेड रबरावर घसरतं, त्यामुळे ती जराशी लहरत गेली होती, पण कुठेही तुटली नव्हती. 1:20 च्या प्रमाणात ती खाच पाऊण मिलिमीटरहून बारीक असते. दोन टायर, दोन पूर्ण फेऱ्या. वडील म्हणाले, प्रदर्शनाहून आल्यावर दोन दिवस ते टायर हातात घेऊन बसला होता, मग सायकलच्या ट्यूबवर आधी सराव केला. "साहब लोगों ने बताया था," असंही म्हणाले, तक्रारीच्या सुरात नाही, मुलाचं कौतुक सांगावं तसं.

एका बरोबर वस्तूला मी चूक म्हटलं, एवढंच मला आजवर वाटत होतं. माझ्या शब्दाने ती वस्तू खरोखर चुकीची झाली होती. आणि ती चूक त्याने किती नेटकेपणाने केली होती! माझ्या कारखान्यात इतक्या काळजीचं काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती.

मी वडिलांना सगळं सांगितलं. 1998, 1999, तीन, चार. त्यांना तपशिलाशी फार देणंघेणं नव्हतं, त्यांनी फोन लावून दिला. मुलगा जेवणाच्या सुट्टीत होता. मी हिंदीत सांगितलं की तेव्हा तुझे टायर बरोबर होते, डबा बरोबर होता, मी चुकलो होतो आणि हे मला आठ वर्षांपासून माहीत होतं. शेवटचा भाग सांगणं सर्वांत जड गेलं. तो वगळला असता तर माफी सोपी झाली असती. मागे यंत्रांचा आवाज येत होता. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "पीछे वाले चार सही थे ना?" मी म्हणालो, "सही थे." तो "ठीक है, सर," म्हणाला आणि भोंगा झाला म्हणून त्याने फोन ठेवला.

नवे टायर मिळवून देतो असं मी वडिलांना म्हणालो. ते हसून म्हणाले, त्याला विचारतो. आठवड्याने निरोप आला की राहू द्या, तसेच राहू द्या. मी अजून विचार करतो आहे की तो हे का म्हणाला असेल, आणि मला हेही स्वतःला विचारावं लागतं की टायर मला त्याच्यासाठी बदलायचे होते, की ती हाताने कापलेली खाच पुन्हा कुणाला दिसू नये म्हणून.

प्रदर्शनाचं जुनं पत्रक मी बाहेर काढलं आहे. त्यावर तीस-पस्तीस मोटारींची नावं आणि माझ्या अक्षरातले शेरे आहेत. एकेका शेऱ्यापुढे मी आता लिहितो आहे की त्या दिवशी मी काय मोजलं होतं. बहुतेक जागा कोऱ्या राहताहेत. पहिल्या क्रमांकाच्या मोटारीपुढेही कोरीच आहे. तिची रुंदी 107.5 आहे का, हे मी कधी बघितलं नाही. मित्र त्याच कॉलनीत राहतो, मोटार त्याच्या दिवाणखान्यात आहे, शेजारी चौकटीत प्रमाणपत्र. त्यावर माझी सही आहे. दिवाळीला त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा व्हर्निअर खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही.